शेपूट

टाके निघून आठ दिवस झाले होते.
जेल रोडवरून प्रेसच्या गेटपर्यंत
पोटावर हात न धरता चालत होते मी.
तेवढ्यात डॉ. बोडक्यांचा फोन:
रिपोर्ट आलाय. येताना मिस्टरांना आणा.

हे म्हणाले, बिलातले काही राहिले असतील.

त्या रात्री आधी बेंबीपाशी दुखलं, मग सरकत
उजवीकडे खाली जाऊन बसलं, भाडेकरूसारखं.
मी ओवा चावला. सकाळच्या मिसळीला बोल लावला.
पहाटे रिक्षात द्वारकेचा एकेक खड्डा
पोटानं मोजला.
तीन भोकं, दुर्बीण, आणि बरणीत
करंगळीएवढं काहीतरी, तेही वाकडं.
आई म्हणायची, द्राक्षाची बी गिळू नकोस, अपेंडिक्स होतं.
पिंपळगावची द्राक्षं बिनबियांची झाली
त्यालाही आता जमाना झाला, आई.

डॉक्टरांनी पॅडवर रेघ ओढली.
टोकाला गाठ आहे. कॅन्सरच्या लांबच्या भावकीतली,
स्वभावानं संथ.
एक सेंटिमीटरच्या आत असती तर इथेच विसरलो असतो.
दोनच्या वर असती तर विचारही केला नसता.
तुमची एक पूर्णांक सात.
आणि भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत
चार मिलिमीटर गेलीय. तीनपर्यंत चाललं असतं.

हे म्हणाले, एका मिलिमीटरचाच तर प्रश्न आहे.
मला हसू आलं.
सव्वीस वर्षं मी कोऱ्या नोटांचे ताव तपासते.
शाई केसभर सरकली, आकडा तिरका बसला
की लाल पेन्सिल. ताव बाद.
एक मिलिमीटर म्हणजे काय
हे या घरात मला विचारा.

स्लाइड आणायला शरणपूर रोडच्या लॅबमध्ये मीच गेले.
रिपोर्टखाली जिची सही होती ती
स्टीलच्या डब्यातली भेंडी खात होती.
वय असेल माझ्या भाचीएवढं.
किती अपेंडिक्स येत असतील हिच्याकडे,
सुजलेली, साधी, एकसारखी,
आणि हिनं माझ्याच्या टोकाशी पुन्हा एकदा सुरी लावली.
आभार मानायचे होते. तोंडातून भलतंच निघालं:
एकेक किती वेळ बघता?
तिनं घास गिळला. म्हणाली,
खरं सांगू? दिवस कसा आहे त्यावर.

रिक्षात बसले तरी ते कानात होतं.
सव्वीस वर्षांतले माझे दिवस कसे होते?
पोरगा तापानं फणफणलेला, ती दुपार.
सासरे गेले त्याच्या आदल्या दिवशीची पाळी.
माझ्या नजरेतून सुटलेलं काय काय
कुणाकुणाच्या खिशात फिरत असेल.

दुसऱ्या वेळी उजवीकडचं दीड वीत आतडं काढलं,
उरलेलं उरलेल्याला जोडलं.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात.
माझं शेपूट आधी गेलं,
हत्तीला न्यायला माणसं मागाहून आली.

मग चार दिवस एकच प्रश्न, राउंडला, सगळ्यांदेखत:
गॅस सरला का?
पाचव्या पहाटे सरला.
हे कॉरिडॉरभर सांगत सुटले.
पोरगा बारावी पास झाला तेव्हाही
इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते.

लिम्फच्या एकोणीस गाठी तपासल्या.
एकोणीसही कोऱ्या. सही तीच.

प्रेसमध्ये परत टेबलाशी. उजेड डावीकडून.
तावाचा कोपरा उचलते, वाकवते, पुन्हा बघते.
लोखंडेसाहेब मागे येऊन उभे राहतात:
दिघोळेबाई, आज गती कमी आहे.
हो साहेब, मी म्हणते,
आज दिवस तसा आहे.